सेंट पीटर्स बॅसिलिकेची रांग: टाळायची कशी, आणि टळत नसेल तर काय करायचं

रोमला येणारे आपले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सेंट पीटर्सचं रांग टाळायचं तिकीट कुठे मिळतं?" उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. सेंट पीटर्स बॅसिलिकेत जायला तिकीटच लागत नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या चर्चचा प्रवेश सगळ्यांना फुकट आहे. चौकात अर्धगोल वळत गेलेली जी लांबलचक रांग दिसते, ती सिक्युरिटी तपासणीची आहे. विमानतळासारखी बॅग मशीनमधून जाते, आपण चौकटीतून जातो. ही तपासणी कुणालाच चुकत नाही.

म्हणजे ही रांग पैशाने फारशी कमी होत नाही, घड्याळाने होते. सकाळी सव्वासातला जिथून तुम्ही चालत चालत आत जाल, तिथेच साडेदहाला दीड-दोन तास उभं राहावं लागू शकतं. रोमला आलेल्या नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना मी वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी तिथे घेऊन गेले आहे. त्यातून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदाच आणि स्वतःच्या नियोजनाने येणाऱ्यांसाठी हे आहे. टूरबरोबर येणाऱ्यांनाही कपडे, सामान आणि आतला क्रम हे भाग उपयोगी पडतील.

१. आधी रांगा ओळखा

व्हॅटिकनला एकच रांग असते असं समजून लोक भलत्याच ठिकाणी उभे राहतात. पंढरपूरला पददर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, हे आपण आधी विचारून घेतो. तसंच इथेही विचारून घ्यायला हवं, कारण इथे चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, बॅसिलिका. सेंट पीटर्स चौकातून प्रवेश, तिकीट नाही, फक्त सिक्युरिटी.

दुसरी, घुमट. बॅसिलिकेचीच सिक्युरिटी पार करून आत गेल्यावर याची वेगळी रांग आणि वेगळं तिकीट.

तिसरी, व्हॅटिकन म्युझियम आणि सिस्टीन चॅपल. यांचं प्रवेशद्वार चौकात नाहीच. ते व्हॅटिकनच्या उत्तरेच्या तटाला लागून, व्हियाले व्हातिकानो या रस्त्यावर आहे. चौकातून तटाच्या कडेने चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्युझियमचं तिकीट दाखवून बॅसिलिकेच्या रांगेत पुढे जाता येत नाही, आणि बॅसिलिकेत गेलात म्हणून सिस्टीन चॅपल दिसत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. म्युझियमची दहाची वेळ हातात असताना पावणेदहाला चौकात पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत.

चौथी, बॅसिलिकेच्या खाली असलेली प्राचीन दफनभूमी. तिला इथे 'स्कावी' म्हणतात. ती फक्त आधी नोंदणी केलेल्यांसाठी खुली असते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण रांग नको असणाऱ्यांसाठी याहून सुंदर वाट नाही.

२. दिवस निवडा: बुधवार टाळा

बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते. ती चौकात असेल तेव्हा सगळा चौक खुर्च्यांनी भरलेला असतो आणि बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहते. दरवाजे उघडले की चौकातली सगळी गर्दी एकदम आत वळते. रोमसाठी तुमच्याकडे दोनच दिवस असतील आणि त्यातला एक बुधवार असेल, तर बुधवारी कोलोसियम करा आणि बॅसिलिका दुसऱ्या दिवशी ठेवा. पोपना पाहायची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी आठवा मुद्दा वाचा.

रविवारी दुपारी १२ वाजता पोप खिडकीत येऊन प्रार्थना म्हणतात आणि आशीर्वाद देतात. त्यामुळे रविवारी साडेदहापासून दीडपर्यंत चौकात खूप दाटी असते. पहाटे लवकर किंवा संध्याकाळी जायला हरकत नाही.

सणांचे दिवस तारखेनिशी लक्षात ठेवा: ईस्टरचा आख्खा आठवडा, २९ जून (संत पीटर आणि संत पॉल यांचा सण, रोम शहराला सुट्टी), १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८ डिसेंबर, नाताळ ते ६ जानेवारी. यातल्या काही दिवशी पोप स्वतः मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) करतात आणि बॅसिलिका पर्यटकांना काही तास बंद असते.

आपल्या सुट्ट्यांचा हिशेब इथल्या हंगामाशी नीट जुळत नाही, हेही सांगते. मुलांच्या शाळेमुळे आपण मे महिन्यात निघतो, आणि नेमका मे हा रोमच्या गर्दीचा महिना. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना जरा बरं पडतं, नोव्हेंबर उजाडला की गर्दी ओसरायला लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि मग जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत, हा सगळ्यात निवांत काळ. थंडी असते, अधूनमधून पाऊस असतो, पण रांग आटोक्यात असते.

अजून एक गोष्ट. २०२५ हे कॅथलिक चर्चचं जयंती वर्ष, म्हणजे साधारण दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष, होतं. त्या वर्षी, एरवी बंद असणाऱ्या पवित्र दरवाजातून जाण्यासाठी यात्रेकरूंची वेगळी नोंदणी आणि वेगळा मार्ग होता. ६ जानेवारी २०२६ ला तो दरवाजा बंद झाला. त्या काळातले व्हिडिओ पाहून आलात तर तेव्हाची वाट शोधत बसाल. माहिती कधीची आहे ते आधी बघा.

३. वेळ निवडा

बॅसिलिका सकाळी ७ वाजता उघडते आणि संध्याकाळी ७ च्या सुमारास बंद होते. मला विचाराल तर जायच्या वेळा दोनच.

पहिली, सकाळी ७ ते ८. पर्यटकांच्या बस, शहरातले गाइड, चिवितावेक्क्या बंदरात उतरलेले क्रूझचे प्रवासी, ही सगळी मंडळी साडेआठनंतर यायला लागतात आणि साडेनऊ-दहापर्यंत चौक भरून जातो. सातला आत शिरलात तर बाजूच्या वेदींवर धर्मगुरू शांतपणे मिस्सा करत असतात आणि भल्यामोठ्या मंडपात माणसं विरळ असतात. ज्यांना ही वास्तू खरोखर बघायची आहे त्यांनी या एका तासासाठी झोपमोड करावीच.

भारतातून येणाऱ्यांना इथे एक आयता फायदा आहे. उन्हाळ्यात रोमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. रोममधले सकाळचे सात म्हणजे तुमच्या शरीरासाठी साडेदहा किंवा साडेअकरा. रोमला पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी चारला डोळे टक्क उघडतात, तर ती पहिली सकाळ सेंट पीटर्सला द्या. बहुतेक जण ही सकाळ हॉटेलच्या नाश्त्याची वाट बघण्यात घालवतात आणि चौथ्या दिवशी, शरीर इथल्या वेळेला सरावल्यावर, दहाच्या रांगेत उभे राहतात.

हिवाळ्यात एक भान ठेवा. डिसेंबरच्या अखेरीला इथे सूर्य साडेसातनंतर उगवतो, त्यामुळे सातला चौकात अंधारच असतो.

दुसरी वेळ, संध्याकाळी साडेचारनंतर. दुपारची गर्दी पातळ झालेली असते. बॅसिलिकेचं तोंड पूर्वेला आणि मुख्य वेदीमागची भिंत पश्चिमेला आहे. त्या भिंतीवर शिल्पकार बेर्निनीने केलेली सोनेरी खिडकी आहे, तिच्या मधोमध कबूतर. मावळतीचं ऊन त्या खिडकीतून येतं तेव्हा ती आतून पेटल्यासारखी दिसते. सकाळी येणाऱ्यांना हे दिसत नाही. संध्याकाळी आलात तर मात्र घुमट गमावण्याची तयारी ठेवा, तो बॅसिलिकेच्या आधीच बंद होतो.

दुपारी १२ ते २ जेवणाची वेळ म्हणून रांग कमी असते असं बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात तर अजिबात नको: चौकात स्तंभांच्या सावलीशिवाय कुठे आडोसा नाही आणि रांगेचा बराच भाग उन्हातच असतो.

४. काय बुक करायचं आणि काय नाही

बॅसिलिकेची स्वतःची वेबसाइट आहे. तिथे थोडे पैसे भरून ठरावीक वेळेचा प्रवेश आणि ऑडिओ गाइड घेता येतो. ज्यांना सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाणं जमणारच नाही, गटात लहान मुलं आहेत, किंवा त्या दिवशी पुढचं काही ठरलेलं आहे, त्यांनी हे घ्यावं. मात्र सिक्युरिटी तपासणी यातही असतेच. सकाळी सातला जाणार असाल तर रांगेसाठी पैसे घालवू नका, ऑडिओ गाइड हवा असेल तरच घ्या.

खरी वेबसाइट ओळखायची खूण सोपी आहे. व्हॅटिकनच्या अधिकृत वेबसाइटचा पत्ता 'डॉट व्हीए'ने संपतो, बॅसिलिकेचाही आणि म्युझियमचाही. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींमधल्या बऱ्याच साइट हुबेहूब अधिकृत वाटतात, पण त्या दलालांच्या असतात. पत्त्याचा शेवट पाहिल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

घुमटाचं तिकीट आधी ऑनलाइन घेता येतं, तिथेही मिळतं. दोन प्रकार असतात. सगळ्या ५५१ पायऱ्या चढायच्या, किंवा लिफ्टने गच्चीपर्यंत जायचं आणि उरलेल्या ३२० चढायच्या. लिफ्ट घुमटाच्या टोकापर्यंत जात नाही. "लिफ्टचं तिकीट आहे ना, मग काय" असं म्हणून गुडघेदुखीवाल्या काकूंना वर नेऊ नका. गच्चीनंतरचा जिना अरुंद आहे, घुमटाच्या गोलाईबरोबर भिंतही तिरकी होत जाते, आणि मध्येच मागे फिरता येत नाही. फक्त गच्चीपर्यंत जाऊन थांबता मात्र येतं. तिथे कॉफीचं दुकान आहे आणि दर्शनी भागावरचे पुतळे पाठीमागून दिसतात.

आता स्कावी. इथे बॅसिलिकेच्या पायाखाली रोमन काळातली दफनभूमी आहे, आणि परंपरेनुसार येशूचे शिष्य संत पीटर यांची कबरही तिथेच आहे. १९४० च्या दशकात पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीत तिचं उत्खनन झालं. छोट्या छोट्या गटांना गाइडबरोबर सुमारे दीड तास नेतात. १५ वर्षांखालील मुलांना परवानगी नाही. जागा अरुंद, दमट आणि बंदिस्त आहे, त्यामुळे कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी टाळावी.

नोंदणी उत्खनन कार्यालयाला लिहून होते. सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे, किती जण, कोणती भाषा आणि कुठल्या तारखांना जमेल, एवढं कळवायचं. एकच तारीख देऊ नका, चार-पाच दिवसांचा पट्टा द्या. विमानाचं तिकीट हातात आलं की त्याच आठवड्यात लिहा. शेवटच्या आठवड्यात जागा मिळणं जवळपास अशक्य असतं. प्रवेश चौकातून नाही, बॅसिलिकेच्या डाव्या अंगाला स्विस गार्ड, म्हणजे पोपचे रक्षक, उभे असतात त्या बाजूने आहे, आणि फेरी बॅसिलिकेच्याच आवारात संपते. म्हणजे चौकातल्या मोठ्या रांगेशी तुमचा संबंधच येत नाही. तरीही केवळ रांग चुकवायला म्हणून हे घेऊ नका, खालचं सगळं समजून घ्यायची आवड असेल तरच घ्या. जागा फार थोड्या असतात.

ओत्ताव्हियानो मेट्रो स्टेशनपासून चौकापर्यंत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं अडवतात: "आज रांग तीन तासांची आहे", "या बाजूने बंद आहे", "आमच्याबरोबर आलात तर थेट आत". त्यांच्याशी बोलायला थांबू नका. सरळ चौकात जा आणि रांग स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

५. सोबत काय हवं

- पासपोर्ट. बॅसिलिकेच्या दारात कुणी मागत नाही, पण स्कावी किंवा सवलतीच्या तिकिटासाठी लागतो. मूळ प्रत हॉटेलच्या तिजोरीत ठेवणार असाल तर फोटो आणि झेरॉक्स जवळ ठेवा.
- आरक्षण केलं असेल तर त्याचा कोड फोनमध्ये सेव्ह करून. दगडी भिंतींच्या आड नेटवर्क दगा देतं.
- ओढणी, स्टोल किंवा पातळ शाल.
- पाण्याची प्लास्टिकची किंवा स्टीलची बाटली. रोमभर रस्त्याकडेला लोखंडी नळ वाहत असतात, त्यांचं पाणी पिण्याजोगं आणि थंडगार असतं. बाटली काचेची नको.
- उन्हाळ्यात टोपी, हिवाळ्यात छत्री.
- छोटी दुर्बीण असेल तर जरूर. घुमटाच्या आतलं नक्षीकाम नुसत्या डोळ्यांना पुरत नाही.

आणि काय नको? चाकू. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या बऱ्याच सहली स्वित्झर्लंड करून मग रोमला येतात आणि प्रत्येकाच्या बॅगेत भेट म्हणून घेतलेले दोन-चार स्विस चाकू असतात. फळं कापायची सुरी असते ती वेगळीच. मशीनमध्ये दिसलं की बाजूला काढतात, वादावादी होते, तुमच्यासकट मागच्या सगळ्यांचा वेळ जातो. हे सगळं हॉटेलवर ठेवा. मोठ्या सुटकेसही आणू नका. विमानतळावरून थेट चौकात यायचा बेत असेल तर सामान आधी टर्मिनी स्टेशनवर किंवा हॉटेलवर टाका.

वेगळ्या व्हिसाची काळजी काहींना असते. व्हॅटिकन स्वतंत्र राष्ट्र असलं तरी चौकात शिरताना कुठे पासपोर्ट तपासत नाहीत. इटलीसाठी घेतलेला शेंगेन व्हिसा पुरतो.

६. कपडे: तासभर उभं राहून परत फिरायचं नसेल तर

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. हा नियम दारात खरोखर पाळला जातो, आणि तोही सिक्युरिटी पार झाल्यावर, म्हणजे रांगेचा सगळा वेळ खर्च झाल्यावर. साडी, सलवार-कमीज, कुर्ता, फुल पँट, सगळं चालतं. साडीच्या स्लीव्हलेस ब्लाउजवर पदर घेतलात तरी अंगावर शाल असू द्या. सगळ्यात जास्त अडकतात ते बर्म्युडा घातलेले बाबा लोक आणि कॉलेजातली मुलं. पुरुषांनी टोपी आत काढायची. बाहेर विक्रेते झटपट गुंडाळायची कापडं विकतात. ती महाग पडतात, घरची ओढणी बरी.

७. पोहोचणं आणि तपासणी

मेट्रोची अ मार्गिका घ्या, ओत्ताव्हियानो स्टेशनला उतरा, तिथून दहा मिनिटं चाला. टर्मिनीहून हीच सगळ्यात सोपी वाट, आणि मेट्रो साडेपाचपासून सुरू असते. ६४ नंबरची बसही टर्मिनीहून इकडे येते, पण ती पाकीटमारांसाठी बदनाम आहे. बसनेच यायचं तर ४० नंबर बरी. पहाटे चालतच जायचं असेल तर राहायला प्राती किंवा बोर्गो भाग निवडा.

चौकात शिरून बॅसिलिकेकडे तोंड केलंत की तपासणी उजव्या हाताच्या स्तंभरांगेखाली दिसेल. रांगेचं शेपूट मात्र कुठेही असू शकतं, म्हणून आधी ते शोधा. पट्टा, किल्ल्या, फोन, नाणी आधीच बॅगेत टाका. शक्य असेल त्यांनी बॅगच आणू नये. कुटुंबातल्या एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्या आठ जणांनी मागाहून घुसायचं, हे इथे करू नका. मागचे लोक बोलतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

बॅसिलिकेच्या आत स्वच्छतागृह नाही. चौकाच्या कडेला आहे. रांगेत लागण्याआधी सगळ्यांनी जाऊन या.

गटात व्हीलचेअरवर कुणी असेल किंवा चालण्याचा खरोखर त्रास असलेलं कुणी असेल, तर रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहू नका. पुढे जाऊन सुरक्षारक्षकांना सांगा, ते सोबतच्या माणसासह वेगळ्या वाटेने नेतात.

८. मिस्सेला जायचं असेल, पोपना पाहायचं असेल

वसई, गोवा, मुंबई, अहिल्यानगर भागातून येणाऱ्या कॅथलिक कुटुंबांसाठी सेंट पीटर्सला येणं ही यात्राच असते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संतपद दिलं, म्हणजे वसईकरांचं व्हॅटिकनशी नातं जुनं आहे. अशा कुटुंबांनी मिस्सेचं वेळापत्रक वेबसाइटवर बघून यावं आणि रक्षकांना प्रार्थनेला आलो आहोत हे सांगावं. मिस्सा चालू असताना वेदीकडचा भाग पर्यटकांना बंद असतो, भाविकांना मात्र आत घेतात. इतरांनी हे नाव सांगून पुढे सरकायचा प्रयत्न करू नये. तिथे गुडघे टेकायला आलेल्या माणसाची ती जागा आहे.

बुधवारच्या भेटीचे पास फुकट असतात. पोपच्या दरबार कार्यालयाकडून ते आधी मागवता येतात आणि आदल्या दिवशी दुपारनंतर स्विस गार्डकडून घेता येतात. पैसे घेऊन हे पास विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. रविवारच्या आशीर्वादाला पास लागत नाही.

पोप फ्रान्सिस यांची कबर सेंट पीटर्समध्ये शोधणारे बरेच जण भेटतात. ती इथे नाही. टर्मिनी स्टेशनजवळच्या सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेत आहे. तिथे वेगळी वेळ काढून जा.

९. आत गेल्यावरचा क्रम

इथे क्रम चुकला की पुन्हा रांग लागते.

घुमट करायचा असेल तर तो आधी. त्याचा दरवाजा बॅसिलिकेच्या ओसरीच्या उजव्या बाजूला आहे आणि साधारण साडेसातला उघडतो. सातला पोहोचलात तर सिक्युरिटी पार करून घुमटाच्या दाराशी पहिल्या काही जणांत असाल. नऊनंतर इथे दुसरी मोठी रांग तयार होते, आणि बॅसिलिकेची रांग चुकवलेले लोक तिच्यात अडकतात. घुमट उतरलात की वाट बॅसिलिकेतच येते.

चढताना दम लागला तर एक गोष्ट आठवा. मायकेलअँजेलोने या बांधकामाची सूत्रं हाती घेतली तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. १५६४ मध्ये तो गेला तेव्हा घुमट अर्धवट होता. तो जाकोमो देल्ला पोर्ताने १५९० मध्ये पुरा केला. वरून चौकाकडे पाहिलं की बेर्निनीच्या स्तंभरांगांचे दोन कवेत घेणारे हात दिसतात आणि मधोमध इजिप्तहून आणलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ. १५८६ मध्ये तो या जागी उभा केला.

घुमट नको असेल तर दारातून आत शिरताच उजवीकडे वळा. पहिल्याच कोनाड्यात मायकेलअँजेलोची पिएता आहे, मांडीवर मृत येशूला घेतलेली मरिया. पंचविशीच्या आत त्याने ती घडवली. आताच्या बॅसिलिकेची पायाभरणी १५०६ ची, म्हणजे ही मूर्ती त्याहूनही जुनी. १९७२ मध्ये एका माथेफिरूने हातोड्याने तिच्यावर घाव घातले, तेव्हापासून ती काचेआड आहे. नऊनंतर या काचेपुढे पाच-सहा ओळींची गर्दी असते आणि वर धरलेल्या फोनमधूनच मूर्ती दिसते. सव्वासातला तुम्ही आणि ती, मध्ये कुणी नाही. लवकर उठण्याचं एवढं एकच कारण पुरेसं आहे असं मला मनापासून वाटतं. तिथे घाई करू नका. शेजारच्या वेदीखाली पोप जॉन पॉल दुसरे यांची कबर आहे.

मग मधल्या मंडपातून सरळ चालत जा. फरशीवर पितळी खुणा आहेत. जगातली इतर मोठी चर्च इथे आणून ठेवली असती तर कुठपर्यंत आली असती, ते त्या दाखवतात. पुढे उजवीकडे संत पीटर यांचा कांस्य पुतळा लागतो. शतकानुशतकं स्पर्श करून करून त्याच्या पायाची बोटं झिजून सपाट झाली आहेत. मध्ये बेर्निनीचं २९ मीटर उंच कांस्य छत्र, त्याच्या बरोबर वर घुमट. फोटो काढता येतात, पण फ्लॅश नको आणि ट्रायपॉड नको.

पोपच्या कबरी असलेलं तळघर सगळ्यात शेवटी ठेवा. तिथून बाहेर पडायची वाट बहुधा थेट आवारात काढते, आणि पुन्हा आत यायचं तर दारापासून सुरुवात.

हे सगळं घुमटासकट तीन तासांत आरामात होतं. सातला आलात तर दहाला, गर्दीचा लोंढा आत येत असताना, तुम्ही बाहेर पडत असाल. पोस्टकार्ड पाठवायची हौस असेल तर चौकातच व्हॅटिकनचं टपाल कार्यालय आहे. व्हॅटिकनची तिकिटं लावलेलं कार्ड इथल्याच पेटीत टाका, बाहेर इटलीच्या पेटीत ती चालत नाहीत.

१०. म्युझियम त्याच दिवशी करायचं तर

सकाळी बॅसिलिका, मग म्युझियमची साडेअकरा-बाराची वेळ, असा क्रम लावा. मध्ये तासभर मोकळा ठेवा. त्रियोन्फाले ही मोठी मंडई म्युझियमपासून जवळ आहे, तिथे फळं आणि चीज-ब्रेड घेऊन शाकाहारी मंडळींचीही सोय होते.

म्युझियमची वेळ मात्र आधी ऑनलाइन घ्यायलाच हवी. तिकिटं साधारण दोन महिने आधी खुली होतात आणि हंगामात पटकन संपतात. आरक्षणाचे वेगळे ५ युरो पडतात, ते खुशाल भरा, कारण तिथली तिकिटाची रांग तटाच्या भिंतीला लागून फार दूरवर जाते. रविवारी म्युझियम बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र ते उघडं असतं, प्रवेश फुकट असतो आणि त्या दिवशी निम्मं रोम तिथे असतं. त्या वाटेला जाऊ नका.

सिस्टीन चॅपलच्या मागच्या उजव्या दारातून थेट बॅसिलिकेत जाता येतं, असं तुम्ही वाचलं असेल. ती वाट आहे, पण ती गाइडबरोबर आलेल्या गटांसाठी. कधी उघडी असते, कधी नसते, आणि पहारेकरी अडवतो तेव्हा वाद घालून उपयोग नसतो. अशा वाटेच्या भरवशावर दिवस आखू नका.

११. उशीर झालाच तर

दहाला पोहोचलात आणि रांग स्तंभांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेली आहे, तर लगेच उभे राहू नका. आधी पाच मिनिटं तिच्या कडेने चालत जाऊन ती सरकते आहे का ते बघा. सगळे दरवाजे चालू असतील तर लांब रांगही पाऊण तासात संपते. अर्धेच चालू असतील तर छोटी रांगही छळते.

सरकत नसेल तर परत या. कास्तेल सान्त'आंजेलो हा नदीकाठचा किल्ला दहा मिनिटांवर आहे. तो बघा, जेवा, हॉटेलवर जाऊन पाय पसरा आणि साडेचारला पुन्हा चौकात या. त्या दिवशी बॅसिलिका शांतपणे बघून होईल. घुमट राहिला तर त्याच रात्री दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वेळेचं तिकीट ऑनलाइन काढा आणि सातला सिक्युरिटीच्या दाराशी हजर राहा.